आपलं म्हणणं सरकारदरबारी कसं मांडायचं? सांगली-साताऱ्याच्या माणसांचे नेहमीचे प्रश्न

गेली काही वर्षं गल्लीतले, गावाकडचे, कुणाच्या तरी ओळखीनं फोन करणारे लोक मला तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून म्हटलं एकदा सगळं एका जागी लिहून ठेवावं. मी वकील नाही, पुढारी पण नाही. सांगलीत राहतो, गाव तासगाव तालुक्यात. जे करून बघितलंय आणि ज्याचे नियम वाचलेत तेवढंच लिहितोय.

आपण ओरडून खरंच काय फरक पडतो का?

पडतो, पण वेळ लागतो आणि माणसं लागतात. अगदी अलीकडचं बघा. मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झालं. आधी सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या माणसाला हायकोर्टाच्या एका तारखेसाठी मुंबई गाठायला लागायची, रात्रीची गाडी, सकाळी कोर्ट आणि तारीख पुढं गेली की परत रात्रीची गाडी. हे बेंच कुणी आपणहून दिलेलं नाही, सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी आणि नागरिकांनी कित्येक दशकं मोर्चे काढले, कामावर बहिष्कार टाकला, निवेदनं दिली, तेव्हा ते झालं.

दुसरं म्हणजे जादूटोणाविरोधी कायदा. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आणि कार्यकर्त्यांनी त्यासाठी मुंबई-नागपूरच्या किती फेऱ्या मारल्या, मसुदा किती वेळा बदलला, किती आमदारांना एकेक करून समजावलं! २० ऑगस्ट २०१३ ला डॉक्टरांचा खून झाला, त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळानं कायदा मंजूर केला. हे लिहिताना अजून घशात आवंढा येतो. जिवंतपणी त्यांना तो बघता आला नाही, पण आज राज्यात कुठंही भोंदूबाबावर गुन्हा दाखल होतो तो त्याच कायद्यानं.

हे झालं मोठं. गल्लीतली गटार, शाळेची गळकी खोली, टाकीवरचं झाकण अशी कामं याच रीतीनं होतात, फक्त वर्षं कमी लागतात.

कुठलं काम कुणाकडं न्यायचं हेच कळत नाही, सुरुवात कुठून करू?

नव्वद टक्के दमणूक इथंच होते, माणूस चुकीच्या दारात महिनाभर बसतो. गावातलं पाणी, गटार, दिवाबत्ती, गावातले रस्ते ग्रामपंचायतीकडं. प्राथमिक शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडं. सातबारा, फेरफार, रेशन, दाखले तहसीलकडं. शहरात असाल तर सांगली-मिरज-कुपवाडला महापालिका, साताऱ्याला नगरपालिका. लाईट महावितरणकडं. रस्त्याचं मात्र आधी विचारून घ्या, कारण एकच रस्ता अर्धा जिल्हा परिषदेचा, पुढं बांधकाम विभागाचा आणि नाक्यापासून राष्ट्रीय महामार्गाचा असू शकतो, आणि खड्डा बरोबर सांध्यावर असतो. तिघंही ‘आमचा नाही’ म्हणतात. अशा वेळी ‘हा रस्ता कुणाच्या ताब्यात आहे’ एवढाच प्रश्न लेखी विचारायचा आणि उत्तर हातात आल्यावर पुढचं बोलायचं.

ग्रामसभेला जाऊन काय होतं? आमच्याकडं पाच माणसं असतात आणि सगळं आधीच ठरलेलं असतं.

ठरलेलं असतं कारण पाचच माणसं असतात. गावाच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस ग्रामसभेचा सदस्य आहे, त्याला कुणी बोलवायला लागत नाही. वर्षातून किमान चार सभा घ्यायच्या असतात, आपल्याकडं साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या आसपास होतात, आणि सात दिवस आधी नोटीस लागते. कोरम, म्हणजे सभा चालायला लागणारी कमीत कमी हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातला कमी असेल तो आकडा. कोरम नसेल तर सभा तहकूब होते, आणि लक्षात ठेवा, तहकूब झालेल्या सभेला कोरम लागत नाही. पाच माणसांत ठराव होतात ते असे. पहिली सभा कोरमअभावी गेली की लोक घरी जातात, दुसरीला येतच नाहीत, आणि महत्त्वाचं सगळं दुसरीतच होऊन जातं.

आमच्या गावातलं सांगतो. मारुतीच्या देवळात सभा, द्राक्षाच्या छाटणीचे दिवस, माणसं मोजकीच. ग्रामसेवक भराभर वाचत होते, ‘चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर’. आमची थोरली काकी खांबाला टेकून बसलेली, ती एकदम उठली आणि म्हणाली, “भाऊसाहेब, टाकीला तीन वर्षं झाकण न्हाय, वर कबुतरं बसत्यात, आणि तेच पाणी आमी पितोय. हे लिवा आदी, आणि काय लिवलं ते वाचून दाखवा.” सगळे गप्प. ग्रामसेवकांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. काकी म्हणाली, “आता तारीख बी लिवा, कवा बसवणार ते.” ती तारीख प्रोसिडिंगला आली आणि झाकण त्या महिन्यात बसलं. काकीची शाळा चौथीपर्यंत झालेली. आम्ही शिकलेले सगळे तिथंच बसलेलो, आमच्या तोंडातून ‘वाचून दाखवा’ निघालं नव्हतं.

एक कळकळीची विनंती. सभा संपल्यावर घरी रजिस्टर घेऊन कुणी सहीला आलं तर सही करू नका. जी सभा बघितली नाही तिच्यावर सही म्हणजे न वाचलेल्या ठरावावर सही. आणि बायांनी महिला ग्रामसभा सोडू नये, मुख्य सभेच्या आधी ती घ्यायची असते, तिथं झालेले ठराव मुख्य सभेत मांडता येतात.

गावाच्या आराखड्यात कुठलं काम घेतलंय आणि किती खर्च दाखवलाय हे ई-ग्रामस्वराज पोर्टलवर मोबाईलवर बघता येतं. सभेला जाताना ते बघून जा, मग प्रश्न आपोआप सुचतात.

शहरात ग्रामसभा नाही, मग आम्ही कुठं बोलायचं?

शहरातली माणसं खरंच जास्त अडचणीत आहेत असं माझं मत. महाराष्ट्रात क्षेत्रसभेची तरतूद २००९ पासून कायद्यात आहे, म्हणजे आपल्या भागातल्या मतदारांची सभा, पण मी तरी अजून माझ्या भागात एकही भरलेली पाहिलेली नाही. तिची मागणी लेखी करत राहायला पाहिजे. तोपर्यंत हातात असलेल्या जागा म्हणजे प्रभाग समिती, आपले नगरसेवक, आयुक्तांना किंवा मुख्याधिकाऱ्यांना निवेदन आणि बजेट. बजेट फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं, त्यामुळं आपल्या भागातल्या कामाची मागणी दिवाळीनंतर लगेच द्या. मार्चमध्ये देऊन उपयोग नाही, तोवर आकडे बसलेले असतात.

आणि एक कुणी वापरत नाही अशी जागा, शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणं या समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असायला लागतात. झेडपीच्या किंवा महापालिकेच्या शाळेत मूल असेल तर शाळेचा आराखडा करण्यात तुमचा कायदेशीर वाटा आहे.

तक्रार केली होती हो, पण काही झालंच नाही. काय चुकलं?

बहुतेक वेळा चुकतं ते एकच, पोच घेतली नसते.

माझं स्वतःचं असंच झालं. आमच्या गल्लीतली गटार तुंबायची, पावसात पाणी उंबऱ्यापर्यंत. आम्ही एका स्थानिक कार्यालयात चार वेळा जाऊन सांगितलं, पाचव्यांदा अर्ज नेला तर टेबलावरचे म्हणाले, “ठेवा इथं, साहेब आले की देतो.” ठेवला आणि आलो. अकरा महिन्यांनी विचारलं तर असा अर्जच आलेला नाही. रागानं अंग थरथरत होतं पण हातात काहीच नव्हतं. तेव्हापासून दोन प्रतींशिवाय मी कुठल्याही ऑफिसची पायरी चढत नाही. एक त्यांना, दुसरीवर आवक शिक्का, तारीख, सही आणि आवक नंबर. शिक्का द्यायला नाही म्हणाले तर वाद घालायचा नाही, सरळ पोस्टात जाऊन तोच अर्ज स्पीड पोस्टनं पाठवायचा आणि पावती जपून ठेवायची.

अर्ज एका पानाचा. काय अडचण आहे, कुठं आहे (घर नंबर, खांब नंबर, गट नंबर जे असेल ते), कधीपासून, आणि नेमकं काय करून पाहिजे. ‘योग्य ती कार्यवाही करावी’ असं लिहू नका, ‘अमुक चौक ते अमुक घर या भागातली गटार साफ करून तुटलेली झाकणं बदलावीत’ असं लिहा. मागणी मोघम असेल तर उत्तर पण मोघमच येतं. फोटो जोडा, खाली दहा-पंधरा सह्या घ्या. पन्नास सह्यांच्या नादात महिना घालवण्यापेक्षा पंधरा सह्या आज बऱ्या.

माहिती अधिकार वापरायचा कसा? लोक म्हणतात त्याची भीती घालायची असते.

भीती घालायला तो नाहीच, आणि तसा वापरणाऱ्यांनीच त्याचं नाव खराब केलंय असं मला मनापासून वाटतं. २००५ चा कायदा, अर्जाची फी १० रुपये, साध्या अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प चालतो, ऑनलाइन पण करता येतो. दारिद्र्यरेषेखाली असाल तर फी नाही. उत्तर ३० दिवसांत यायला पाहिजे. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, त्यामुळं गावातल्या दहा कामांची माहिती एकाच अर्जात मागितली तर परत येणार. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील त्याच ऑफिसातल्या वरच्या अधिकाऱ्याकडं, आणि तिथंही नाही झालं तर ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडं. आयोगात मात्र नंबर लागायला फार वेळ जातो, म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः हजर राहा, खूपशी कामं तिथंच सुटतात.

‘का केलं नाही’ असं विचारू नका, माहिती अधिकारात कागद मिळतो, कारण मिळत नाही. कागदाचं नाव घेऊन मागा. रस्त्याचं असेल तर अंदाजपत्रक, वर्क ऑर्डर, मोजमाप पुस्तिका म्हणजे एमबी, बिलाची प्रत, आणि दोषदायित्व कालावधी किती आहे ते. हा शेवटचा शब्द लिहून ठेवा. ठेकेदारानं केलेला रस्ता ठरावीक मुदतीत उखडला तर त्यानंच तो फुकट दुरुस्त करायचा असतो, पण मुदत कधी संपते हे गावात कुणालाच माहीत नसतं, आणि मग त्याच रस्त्याला नवीन टेंडर निघतं.

झेरॉक्सपेक्षा मला फाईल तपासणी जास्त आवडते, तोही आपला हक्क आहे. आमच्या त्या गटारीची एमबी मी समोर बसून बघितली. पेनानं लिहिलेले आकडे, खाली सही. लांबी १४० मीटर. मी आदल्या दिवशी पोराला घेऊन टेपनं मोजून गेलेलो, ९५ भरली होती. मी काही बोललो नाही, मोजणीचा फोटो आणि त्या पानाची प्रत जोडून संयुक्त मोजणीची मागणी केली. पुढच्या महिन्यात उरलेल्या गटारीचं काम सुरू झालं.

लोकशाही दिन म्हणजे काय? आणि ऑनलाइन तक्रारीचं काय?

महिन्याच्या पहिल्या सोमवारी कलेक्टर ऑफिसला जिल्हा लोकशाही दिन आणि तिसऱ्या सोमवारी तहसीलला तालुक्याचा. १५ दिवस आधी ठरलेल्या नमुन्यात अर्ज द्यायचा, आधी तालुक्याला मग जिल्ह्याला. सगळ्या खात्यांचे अधिकारी एका हॉलमध्ये बसलेले असतात, ‘ते खातं आमचं नाही’ म्हणायची सोय तिथं कुणाला राहत नाही, हा सगळ्यात मोठा फायदा. कोर्टात चालू असलेली प्रकरणं, नोकरीविषयक तक्रारी चालत नाहीत.

ऑनलाइनला राज्याचं ‘आपले सरकार’ आणि केंद्राचं सीपीग्राम्स. रेल्वे, पोस्ट, बँक, पीएफ, राष्ट्रीय महामार्ग असं केंद्राचं काही असेल तर सीपीग्राम्स बऱ्यापैकी चालतं, मी पोस्टाच्या एका कामाला वापरलंय. तक्रार नुसती ‘निकाली’ दाखवून बंद केली तर तिथंच अपीलचं बटण आहे, ते दाबा. दाखले वगैरे वेळेत मिळत नसतील तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, प्रत्येक सेवेला मुदत ठरलेली, उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. सेतूच्या रांगेत हे नुसतं नम्रपणे विचारलं, ‘या दाखल्याची मुदत किती दिवसांची आहे हो’, तरी फरक पडतो.

पेपरात ‘हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत’ असं येतं, ते आपल्यासाठी असतं का?

आपल्यासाठीच असतं! मला या सगळ्या पानात एकच गोष्ट सांगायची मुभा दिली तर मी हीच सांगेन. निर्णय झाल्यावर मोर्चा काढायला हजार माणसं येतात, निर्णय व्हायच्या आधी हरकत द्यायला दहा पण येत नाहीत. निर्णय झाल्यावर तो फिरवायचा म्हणजे कोर्ट, पैसा, वर्षं. आधी फक्त एक पान लागतं.

शहराचा विकास आराखडा घ्या. प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, नोटिशीत मुदत दिलेली असते, त्या मुदतीत आलेल्या हरकतींवर नियोजन समितीसमोर सुनावणी होते, आणि हरकत देणाऱ्यालाच तिथं बोलता येतं. आपण सांगलीकरांनी तर यात डोळ्यात तेल घालून बसायला पाहिजे. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका हे आपल्या पोराबाळांना पाठ आहे, २००५, २०१९, २०२१ तीन महापूर आपण अंगावर घेतले, पण आपलं घर किंवा घ्यायचा प्लॉट निळ्या पूररेषेत आहे की लाल, हे किती जणांनी नकाशात बघितलंय? निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. नाल्यावर, ओतात (पाणी वाहून जायच्या नैसर्गिक वाटेत), पाणी शिरणाऱ्या जागेत भराव टाकायला वाट मिळते ती अशाच एखाद्या जागेच्या आरक्षणाच्या फेरबदलातून, आणि त्या फेरबदलाची नोटीस पण पेपरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आलेली असते. पूर आल्यावर बोटीत बसून आपण कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाला शिव्या घालतो, ५१९ मीटरची उंची ५२४ करायला विरोध करतो, तो करायलाच पाहिजे, त्यात माझं दुमत नाही. पण शामरावनगरसारख्या सखल भागातला नाला आपण आपल्या डोळ्यांदेखत अरुंद होऊ द्यायचा आणि बोलायचं नाही, हे मला सहन होत नाही.

तसंच कारखाना, डिस्टिलरी, मोठी खाण असं काही येत असेल तर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणं ज्या प्रकल्पांना लागते त्यांना जनसुनावणी घ्यावी लागते. ३० दिवस आधी नोटीस, अहवालाचा सारांश मराठीत बघायला मिळतो, कलेक्टर किंवा त्यांचे अप्पर जिल्हादंडाधिकारी दर्जाचे अधिकारी अध्यक्ष, सगळ्याचं चित्रीकरण. इथं कोरम लागत नाही, म्हणजे कुणी आलं नाही तरी सुनावणी झाली असंच धरलं जातं. शेवटी कुणी काय मुद्दे मांडले ते लोकांच्या भाषेत वाचून दाखवायचे असतात. उठून जाऊ नका, तेवढं ऐकूनच निघा, आपला मुद्दा राहिला असेल तर तिथल्या तिथं सांगा. आणि बोलायला भीती वाटत असेल तर लेखी द्या, लेखी हरकतीचं वजन तेवढंच असतं.

गावातलं दारूचं दुकान बायकांना मत देऊन बंद करता येतं हे खरं का?

खरं आहे, आणि आपल्या भागातल्या बायांनी ते करून दाखवलंय. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचा अर्ज द्यायचा, सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली म्हणजे दुकान चालू आणि आडवी बाटली म्हणजे बंद. दुकान बंद व्हायला एकूण महिला मतदारांच्या ५० टक्क्यांहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडायला लागतात. एकूण म्हणजे यादीतल्या, मतदानाला आलेल्या नव्हेत. जी बाई त्या दिवशी शेताला गेली तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला गेल्यासारखंच. म्हणून यादी आधी नीट करा, मेलेल्यांची आणि लग्न होऊन गेलेल्यांची नावं काढायचा अर्ज करा, नाहीतर ती नावं पण तुमच्या विरोधात मोजली जातात. आणि मतदान ऊसतोडीच्या हंगामात येणार नाही असं बघा.

आमदार-खासदारांना भेटून काय मागायचं? नुसतं निवेदन देऊन फोटो काढतात.

सांगलीतून आठ आणि साताऱ्यातून आठ आमदार विधानसभेत जातात. त्यांच्याकडं नुसता निधी मागू नका, प्रश्न विचारायची मागणी करा. अधिवेशनं ठरलेली असतात, अर्थसंकल्पीय, पावसाळी आणि नागपूरचं हिवाळी. तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या बराच आधी द्यायला लागतो, त्यामुळं अधिवेशन सुरू झाल्यावर धावत जाऊन उपयोग नाही. अर्ध्या पानात प्रश्न तयार करून न्या: अमुक योजनेला किती निधी मंजूर, किती खर्च, काम कशामुळं थांबलंय, कधी पूर्ण होणार. आमदारांच्या पीएला असा तयार प्रश्न मिळाला तर त्याचंही काम सोपं होतं. मंत्र्याला सभागृहात लेखी उत्तर द्यायला लागतं, आणि ते उत्तर मग आपल्या हातातला कागद होतो. आपले आमदार विरोधी पक्षातले आहेत म्हणून मागं राहू नका, प्रश्न विचारायला विरोधीच बरे पडतात.

खासदारांना वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी असतो, पण त्याच्याही पलीकडं संसदेतला प्रश्न असतो. रेल्वे, महामार्ग, कृष्णेचं पाणीवाटप, द्राक्ष-बेदाणा आणि हळदीच्या निर्यातीचे नियम, हे सगळं दिल्लीत ठरतं.

दिल्ली-मुंबईच्या कायद्यात आपल्यासारख्यानं कसं बोलायचं?

केंद्राचं २०१४ चं धोरण आहे की कायद्याचा मसुदा साधारण ३० दिवस लोकांसमोर ठेवावा. दरवेळी पाळतात असं नाही, पण ठेवतात तेव्हा ईमेलनं किंवा पोस्टानं मत पाठवता येतं. संसदेच्या समित्या विधेयकांवर पेपरात जाहिरात देऊन निवेदनं मागवतात, मुदत थोडी असते. महाराष्ट्रात जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडं गेलं तेव्हा बारा हजारांहून जास्त सूचना-हरकती आल्या. मसुद्यात काही बदल होऊन ते जुलै २०२५ मध्ये मंजूर झालं. कुणाला ते बदल पुरेसे वाटले, कुणाला नाही, पण बदल झाले ते लोकांनी लिहिलं म्हणून.

लिहायचं मराठीतच, लाजायचं कारण नाही. कलम नंबर टाका, त्यातला कुठला शब्द खटकतो ते सांगा, त्या जागी काय पाहिजे ते लिहा, आणि आपल्या भागातलं एक खरं उदाहरण द्या. व्हॉट्सअॅपवर फिरणारा तयार मजकूर हजार जणांनी चिकटवून पाठवला तर त्याचं एकच धरलं जाण्याची शक्यता असते. शिराळ्यातल्या भातवाल्यानं किंवा जतच्या मेंढपाळानं आपल्या शब्दांत लिहिलेल्या पाच ओळी वेगळ्याच दिसतात.

संस्था रजिस्टर केल्याशिवाय काही करता येतं का?

येतं. अर्ज, माहिती अधिकार, हरकत, ग्रामसभा, यातल्या कशालाच संस्था लागत नाही. पैसे गोळा करायचे असतील, बँकेत खातं लागणार असेल तेव्हाच त्या भानगडीत पडा. सुरुवातीला पाच माणसं पुरे: एक लिहिणारा, एक कागद जपणारा, एक फोटो-मोबाईलवाला, एक ओळखीपाळखीचा आणि एक न रागावणारा. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा.

माणसं एकत्र आली की काय होतं हे बघायचं तर खानापूर तालुक्यात येरळेवरच्या बळीराजा धरणावर जाऊन या. १९८० च्या दशकात दुष्काळानं पिचलेल्या बलवडी भागातल्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीबरोबर आधी नदीतून वाळू उपसणाऱ्या ठेकेदारांना विरोध केला, मग थोडी वाळू आपणच विकून त्यातून धरण बांधायची परवानगी सरकारकडून झगडून मिळवली, आणि पाणी सगळ्यांना सारखं, भूमिहीनाला सुद्धा, असं ठरवलं. इंजिनिअरांची मदत होती, श्रमदानाला कॉलेजची पोरं होती. पुढं आटपाडी, कवठेमहांकाळपर्यंत समन्यायी पाणीवाटपाच्या ज्या परिषदा झाल्या त्यांचं मूळ मला तिथं दिसतं.

मोर्चा काढायचा, धरणं धरायचं तर परवानगी लागते का? पोलीस केस झाली तर?

पोलीस ठाण्यात आधी लेखी कळवा, वेळ, मार्ग, अंदाजे माणसं, जबाबदार माणसाचं नाव आणि नंबर, आणि त्याचीही पोच घ्या. जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा मनाई आदेश वरचेवर निघतो, साधारण पंधरा-पंधरा दिवसांचा, तो चालू असताना परवानगीशिवाय पाच किंवा त्याहून जास्त माणसं जमली तर गुन्हा होऊ शकतो. म्हणून आधी चौकशी करा. कॉलेजच्या आणि भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना पुढं घालू नका, हे मी हात जोडून सांगतो, एका केसनं त्यांचं पोलीस व्हेरिफिकेशन अडकतं आणि आपण पुढारी घरी जेवायला जातो.

सरकारी नोकर असाल तर आंदोलनात आणि राजकारणात भाग घेण्यावर तुमच्या वर्तणूक नियमांची बंधनं आहेत, पण आपल्या गावच्या ग्रामसभेला मतदार म्हणून बसायला किंवा नागरिक म्हणून माहिती मागायला अडचण नाही. आणि सोशल मीडियावर नावानिशी ‘पैसे खाल्ले’ असं लिहू नका. कागद काय म्हणतो तेवढंच टाका. अब्रुनुकसानीची नोटीस आली की लोक आपला मूळ विषय सोडून नोटिशीच्याच मागं लागतात.

मला वेळच नाही, नोकरी-शेती बघून हे कसं जमणार?

महिन्याला दोन तास काढा, बास. एक तास पेपरातल्या जाहीर नोटिसा वाचायला आणि एक तास एखादा अर्ज लिहायला किंवा कुणाबरोबर तरी ऑफिसला जायला. बरोबर जाणं हे सुद्धा मोठं काम आहे. एकट्या माणसाला उभं करून ठेवतात, दोघं गेले की खुर्ची देतात. अठरा वर्षांखालच्या पोरांनी पण यावं, त्यांनी मोजावं, फोटो काढावेत, नकाशा करावा. अठरा पूर्ण होत आली की मतदार नोंदणी करून टाका, आता वर्षातून चार तारखा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर.

सगळं केलं, पोच घेतली, उत्तर पण आलं. उत्तरात एवढंच, ‘नियमानुसार कार्यवाही करण्यात येईल.’ आता?

हे पत्र फाडू नका, कपाळाला हात लावून बसू नका. त्या पत्रावर जावक नंबर आणि तारीख आहे, म्हणजे तुमचा विषय त्यांच्या रजिस्टरला चढलाय. १५ दिवसांनी त्याच जावक नंबरचा संदर्भ देऊन दुसरं पत्र द्यायचं, कार्यवाही कुठल्या तारखेला, कुणी आणि काय केली. त्याला उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात त्याच अर्जाचा दैनंदिन प्रवास मागायचा, म्हणजे तो अर्ज कुठल्या टेबलावर किती दिवस होता. आमच्या गटारीचा कागद एका टेबलावर ७४ दिवस होता. ते उत्तर घेऊन आम्ही पुढच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिनाला गेलो, बरोबर गल्लीतल्या तीन काकी आणि एक म्हातारे मास्तर होते, आणि मास्तरांनी काही न बोलता ते ७४ दिवसांचं पान टेबलावर सरळ करून ठेवलं.